आईला वाचता येणारी शाळा

सुरतेत शाळकरी पोराला कितवीत आहेस असे विचारायचे झाले, तर 'कया धोरणमां भणे छे?' असे विचारतात. गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता. मराठी माणसाच्या कानाला धोरण म्हणजे पुढचा-मागचा विचार करून ठरवलेली दिशा. लिंबायत, उधना, दिंडोली, नवागाम, पांडेसरा, गोडादरा या भागांतल्या खानदेशी आईबापांपुढे हे दोन्ही अर्थ एकाच जूनमध्ये येऊन उभे राहतात. मूल सहा वर्षांचे झाले, पहिल्या धोरणात घालायचे आहे. पण कोणत्या भाषेच्या शाळेत घालायचे, याबाबत घराचे धोरण ठरलेले नाही. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत शाळा चालवते. एवढ्या भाषांत प्राथमिक शिक्षण देणाऱ्या पालिका देशात फार थोड्या. त्यात गल्लोगल्लीच्या खासगी इंग्रजी शाळांची भर. निवड आहे, आणि निवडीचे ओझेही आहे. हे ओझे साधारण दोन वाक्यांवर तोलले जाते. एक, 'गुजरातेत राहायचे तर गुजराती शिकवा.' दुसरे, 'पुढे जायचे तर इंग्रजीच हवे.' मराठी शाळेचे नाव निघाले तर ते परवडते म्हणून निघते, किंवा अभिमानाने निघते. माझ्या मते या चर्चेत खरी कसोटी बाजूलाच राहते. पहिली ते पाचवी या वर्षांसाठी शाळा निवडताना आधी एवढेच पाहावे, की शाळेतून घरी आलेले पुस्तक घरातल्या कुणाला तरी वाचता येते का. बाकी सगळे त्यानंतर.

ही कुटुंबे कोण, हे पाहिल्याशिवाय कसोटीचे वजन कळणार नाही. तापी मुलताईला उगम पावून खानदेशातून वाहत सुरतेला समुद्राला मिळते. माणसेही तीच वाट धरून आली. जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही तापी व्हॅली मार्गावरची स्थानके म्हणजे सुरतेच्या मराठी वस्तीचा वंशवृक्षच. वाटेत नवापूरचे फलाट दोन राज्यांत पसरलेले आहे आणि तिथे चार भाषांत उद्घोषणा होतात. १९७२च्या दुष्काळानंतर ही ये-जा वाढली, आणि यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या मिल, रिंग रोडवरची कापडबाजारपेठ, रिक्षा यांनी तिला कायमचा आसरा दिला. २०११च्या जनगणनेत गुजरातेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे नऊ लाख लोक होते. यांतला मोठा वर्ग महिन्याच्या पगारावर नाही, रोजावर किंवा नगावर जगतो. बाप बारा तासांच्या पाळीला जातो. तो दिवसपाळीला असेल तर मूल झोपायच्या बेताला परततो, रात्रपाळीला असेल तर मूल शाळेतून येते तेव्हा झोपलेला असतो. म्हणून शाळेच्या पहिल्या पाच वर्षांत 'पालक' म्हणजे व्यवहारात आई. ही वाटणी न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पण ती आहे, आणि धोरण आहे त्या परिस्थितीतूनच आखावे लागते.

या आईची संध्याकाळ जवळून पाहावी. मांडीवर साडी पसरलेली, शेजारी खड्यांची पुडी. गोंदाचा थेंब टाकायचा, बोटाने खडा उचलायचा, नक्षीच्या रेघेवर दाबायचा, साडी पुढे सरकवायची. मजुरी साडीमागे ठरलेली, तेव्हा हात थांबवणे परवडत नाही. पण कान मोकळे असतात. समोर दुसरीतले पोर पुस्तक उघडून मोठ्याने वाचते. पुस्तकात 'केळी' छापलेले असते, पोराच्या तोंडून 'केयी' येते, कारण घरात अहिराणी आहे आणि अहिराणीत ळचा य होतो. 'डोळा' ते 'डोया' वाचते, 'काळा'चा 'काया' करते. आई खड्यावरून नजर न उचलता म्हणते, 'केळी. पुन्हा वाच.' तीही अहिराणीतूनच मराठीकडे आली. चोपड्याच्या किंवा पारोळ्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत ती 'केयी'वरून 'केळी'वर कशी गेली, हे तिच्या जिभेला माहीत आहे. तेच पोर गुजराती शाळेत असेल तर तीच आई, तीच साडी, तोच वेळ असूनही तिचा कान निकामी होतो. पोर वाचते आहे की नुसते पाठ म्हणते आहे, हे तिला कळत नाही. दुसरी-तिसरीतली मुले चित्र पाहून आख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवतात. जिला ती अक्षरे लागतात तीच त्या घडाघड म्हणण्याआडचे न वाचणे पकडू शकते.

आईने घरी ऐकणे ही भावुक गोष्ट आहे, तिने गुण वाढत नाहीत, असे कुणाला वाटेल. पण याचा नीट अभ्यास झालेला आहे. लंडनच्या हॅरिंगे भागात टिझर्ड, स्कोफील्ड आणि ह्यूइसन या संशोधकांनी सहा ते आठ वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे एक प्रयोग केला. तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांतल्या मुलांकडे पुस्तक घरी दिले जाई आणि ते आईबापांना वाचून दाखवायचे, एवढाच नियम. दुसऱ्या काही वर्गांना शाळेतच एक जादा शिक्षक दिला. घरी वाचून दाखवणाऱ्या मुलांची वाचनात ठळक प्रगती झाली. जादा शिक्षकाने तेवढे साधले नाही. वस्ती कष्टकऱ्यांची होती, अनेक घरे परदेशातून आलेली होती. लिंबायतच्या आईला जर कुणी सांगत असेल की तुझ्याच्याने काय होणार, ट्यूशन लाव, तर तिच्या बाजूने उभा राहणारा हा पुरावा आहे.

याच प्रयोगात माझ्या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्टही आहे, आणि ती लपवणे बरे नाही. त्यांतल्या काही आईबापांना इंग्रजी धड वाचता येत नव्हते, तरी मुलांना फायदा झाला. मग भाषेचा आग्रह कशाला? याचे उत्तर त्या प्रयोगाच्या रचनेत आहे. तिथे शाळेने घराशी संबंध तुटू दिला नव्हता. घरभेटी होत्या, काय ऐकायचे आणि कसे ऐकायचे हे समजावलेले होते. म्हणजे ज्या आईला वाचता येत नाही तिच्यापर्यंत शाळेला चालत जावे लागते. जिला येते, तिच्या घरी अर्धे काम आधीच झालेले असते. एकेका वर्गात पन्नास घरांपर्यंत चालत जाईल अशी शाळा आज सुरतेत कुठल्या माध्यमात मिळेल, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या वस्तीकडे पाहून सोडवावा.

गुजराती लिपी मराठी माणसाला येतेच, नुसती डोक्यावरची रेघ काढायची, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. ग, घ, त, न, म, र, व, स ही अक्षरे रेघ पुसली की ओळखू येतात. पण क, ख, च, ज, फ, ब, ल ही वेगळी आहेत, आणि नेमकी हीच पहिलीच्या पुस्तकात पानापानावर येतात. प हे अक्षर आणि पाचाचा आकडा गुजरातीत जवळजवळ सारखेच दिसतात. गणितात आणखी गुंता आहे: आपला दीड तिकडे दोढ, आपले अडीच तिकडे अढी, आपले पन्नास तिकडे पचास. मोठ्या माणसाला हे फरक आठवडाभरात कळतात. सहा वर्षांच्या मुलाला मात्र एकाच वेळी अक्षर, आकडा आणि त्यामागची कल्पना असे तिन्ही नवे असते. त्या वेळी घरात निदान एक माणूस त्याच अक्षरांचे असले, तर तिन्हींपैकी एक ओझे तरी उतरते.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. ही मुले मराठी तरी कुठे बोलतात? घरात अहिराणी. 'आहे'ला 'शे' म्हणणारी, 'मला'ला 'माले' म्हणणारी. २०११च्या जनगणनेने खानदेशी ही भाषा स्वतंत्र मोजली आणि देशभरात अठरा लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने १९०७ साली भाषासर्वेक्षणाच्या ज्या खंडात खानदेशी घातली, तो भिल्ली भाषांचा खंड होता. ती त्याने मराठीच्या खंडात घातली नाही. 'शे' हे गुजराती 'छे'च्या किती जवळ आहे, हे तर कानालाच कळते. मग मराठी शाळेला मातृभाषेची शाळा म्हणणे ही फसवणूक नव्हे का, आणि गुजराती तितकीच जवळ असताना तीच का नको? हा आक्षेप मला खरा वाटतो. अहिराणीला मराठीचे बिघडलेले रूप समजणाऱ्या शिक्षकांनी अनेक पोरांची जीभ पहिलीतच बांधली आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. सुरती गुजराती बोलणारे मूलही 'साचुं'ला 'हाचुं' म्हणत शाळेत येते, आणि म्हणून गुजराती शाळा त्याची नाही असे कुणी म्हणत नाही. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत सगळीकडेच अंतर असते. ते अंतर तोडायला कुणाच्या तरी हाताचा आधार लागतो. अहिराणीतून मराठीकडे जाताना तो आधार आईचा असतो, कारण ती त्याच वाटेने गेलेली आहे. अहिराणीतून गुजरातीकडे जाणारी वाट कदाचित तितकीच सोपी असेल, पण त्या वाटेवर घरातले कुणी गेलेले नाही.

यातूनच एक गोष्ट निघते, जी मराठीच्या अभिमान्यांना आवडणार नाही, तरी सांगायला हवी. सुरतेतच जन्मून गुजराती शाळेत शिकलेली आई आता पुष्कळ घरांत आहे. ती घरी अहिराणी बोलते, श्रावणात कानबाई बसवते, पण वाचते गुजरातीत. तिच्या मुलासाठी याच कसोटीने गुजराती शाळा योग्य ठरते. तिला मराठी शाळेचा आग्रह करणे म्हणजे तिचाच कान काढून घेणे. मला वाचवायचे आहे ते आई आणि पुस्तक यांच्यातले नाते. मराठीची शान त्यानंतरची गोष्ट.

'मराठी शाळेत घातलेले पोर गुजराती शिकणारच नाही' ही भीती मात्र आता तेवढी खरी उरलेली नाही. २०२३च्या फेब्रुवारीत गुजरात विधानसभेने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची करणारा कायदा केला. न शिकवणाऱ्या शाळेला पन्नास हजारांपासून दंड आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला गुजराती मिळणार हे ठरलेले आहे. ती कशी मिळते, हा प्रश्न मात्र उरतो, आणि मराठी शाळांची खरी परीक्षा इथे आहे. गुजरातीचा तास फावल्या वेळात, गुजराती धड न येणाऱ्या शिक्षकाकडून उरकला गेला, तर पालक शाळा बदलतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. पहिली-दुसरीत गुजराती तोंडी, गाण्यागोष्टींतून, तिसरीत अक्षरे, पाचवीपर्यंत सरळ वाचन, असा पक्का क्रम लागला तर सहावीत माध्यम बदलायची वेळ आली तरी मूल बुडणार नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९पासून मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: खेळातली भाषा मूल एक-दोन वर्षांत उचलते, पण धडा समजण्याइतकी, गणितातले शाब्दिक उदाहरण सोडवण्याइतकी भाषा कमवायला पाच-सात वर्षे जातात. गल्लीत फडाफडा गुजराती बोलणारे पोर पाहून 'याला सगळे येते' म्हणणाऱ्या बापाची चूक नेमकी इथे होते.

इंग्रजी शाळेची ओढ समजून घेतली पाहिजे. तिला वेड म्हणून उडवणे हा कष्टकरी माणसाचा अपमान आहे. मागावर उभे राहून ज्याने आयुष्य काढले, त्याला आपल्या मुलाने मागापासून दूर जावे असे वाटते, आणि दूर जाणाऱ्या गाडीची पाटी त्याला इंग्रजीत दिसते. पण स्वस्तातल्या इंग्रजी शाळेत घडते काय? गृहपाठाची वही आईला लागत नाही, म्हणून ट्यूशन येते. शाळेची फी, ट्यूशनची फी, गाडीभाडे यांसाठी आई आणखी साड्या घेते, आणि मुलाजवळ बसायला तिच्याकडे आणखी कमी वेळ उरतो. शाळकरी मुलांच्या शिक्षणाच्या 'असर' या पाहणीत २०२२ साली देशातल्या ग्रामीण भागात पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुले पैसे देऊन ट्यूशनला जात होती. चार वर्षांपूर्वी हे प्रमाण २६.४ टक्के होते. त्याच पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०.५ टक्केच निघाली. ती पाहणी शहरांची नाही, आणि ट्यूशनमुळे वाचन घसरले असाही तिचा अर्थ नाही. करोनाच्या बंद शाळांचा फटका त्यात आहे. पण ट्यूशन वाढली म्हणजे वाचन वाढले, असे मानायला त्यात जागा नाही, एवढे नक्की.

यावर सुशिक्षित वाचक विचारेल की परक्या भाषेत मूल टाकले तरी ते तरते, हे कॅनडाने दाखवून दिले नाही का? माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी घरांतली मुले थेट फ्रेंच शाळेत घातली गेली. ती फ्रेंच शिकली आणि त्यांची इंग्रजीही टिकली. खरे आहे. पण तो प्रयोग आईबापांनी स्वतः मागून घेतला होता. त्यांची घरची भाषा खंडभर प्रतिष्ठेची होती, घरात पुस्तके होती, आणि शाळेला वळण लावण्याइतका त्यांचा आवाज होता. लिंबायतच्या आईपाशी यांतले काय आहे? नवापूरहून आलेली भाषा बाजारात उतरत्या भावाची, घरात पुस्तक नाही, आणि शाळेच्या दारात आवाज निघत नाही. कागदावर दोन्ही ठिकाणी 'परक्या माध्यमातले शिक्षण' असेच लिहिले जाईल, पण दोन्ही मुलांच्या पायाखालची जमीन वेगळी आहे.

आवाजाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण शक्य तितके द्यावे असे म्हटले आहे, आणि १९५६च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत आलेल्या ३५०अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर तशी सोय करण्याचे सांगितले आहे. ही कलमे लोक सांगतात. त्याच शिक्षणहक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती मात्र कुणी आठवत नाही. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. मुलाची आई शाळेच्या कारभारात बसावी, ही या कायद्याची कल्पना आहे. जिथे सभेची भाषा तिची नाही, तिथे ती सही करून उठते. मराठी शाळेत ती निदान विचारू तरी शकते की दुसरीच्या वर्गाला बाई का नाहीत. ही ताकद गमावून मिळवलेले माध्यम महाग पडते.

जाण्या-येण्याचाही विचार हवा. सुरतेतली मराठी घरे गावापासून तुटलेली नाहीत. आखाजीला, लग्नसराईत, आजारपणात, मंदीत कुटुंबच्या कुटुंब गावी जाते, कधी एखादे वर्ष तिकडेच काढते. गांधीनगरचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमासाठी पुस्तके छापते. ती शिकलेले मूल शिरपूरच्या जिल्हा परिषद शाळेत बसले तर एका आठवड्यात रुळते. गुजराती माध्यमातले मूल तिथे पुन्हा पहिल्या पायरीवर येते. उलट आठवीनंतर काय, हा प्रश्न मराठी शाळेच्या पालकांना खातो, आणि तो रास्त आहे. पालिकेच्या 'सुमन' माध्यमिक शाळांत मराठी माध्यम काही ठिकाणी आहे, पण प्रत्येक वस्तीच्या जवळ नाही, आणि मुलगी असेल तर दोन किलोमीटरचे अंतरही शाळा सोडायला पुरेसे ठरते. म्हणून मी पाचवीपर्यंतचा आग्रह धरतो, त्यापुढचा नाही. पाच वर्षांत वाचणे आणि हिशेब पक्के झाले, गुजराती हाताशी आली, की पुढची वाट मुलाला स्वतः चालता येते.

हे सगळे गुजरातीच्या विरोधात वाचले जाऊ नये. मराठी बालशिक्षण ज्या ताराबाई मोडकांच्या खांद्यावर उभे राहिले, त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातीत काम करूनच घडल्या. 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत निघाली, मग मराठीत. 'माबाप थवुं आकरुं छे' हे गिजुभाईंच्या पालकांसाठीच्या पुस्तकाचे नाव आहे. आईबाप होणे कठीण, असा त्याचा अर्थ. बडोद्याच्या सयाजीरावांनी, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाने, १८९३ला अमरेली भागात आणि १९०६ला साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. सुरतेला लागून असलेला नवसारी प्रांतही त्यात होता. मराठी राजाने गुजराती घरात शाळा नेली. आता गुजराती शहराची पालिका मराठी घरात शाळा नेते आहे, आणि ती चांगली चालवणे, तिथल्या जागा वेळेवर भरणे, तिथला गुजरातीचा तास सर्वोत्तम शिक्षकाकडे देणे हे त्या पालिकेच्या थोरपणाला शोभेल असेच काम आहे.

दिवाळीत माग थांबतात, शाळांना सुटी लागते, आणि सुरतेहून येणाऱ्या गाड्या भरून जातात. तुमच्या गल्लीतही एखादे कुटुंब येईल, लाभपाचमीनंतर परत जाईल. पोरांच्या हातात फटाके देणारे पुष्कळ असतात. तुम्ही त्यांच्या आईच्या हातात मोठ्या अक्षरांचे एखादे मराठी गोष्टीचे पुस्तक द्या, आणि सांगा की रोज संध्याकाळी साडीला खडे लावताना पोराला ते मोठ्याने वाचायला लावायचे.